रविवारची घंटा

मागच्या महिन्यात आंजीहून वर्ध्याला येताना बसच्या खिडकीतून पाहिलं, तर वावरं पांढरी झाली होती. एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, सीतादही मांडलेलं दिसलं. पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया कपाशीच्या झाडापाशी दहीभात ठेवून पूजा करतात, ते. बाया वाकून पुढे सरकत होत्या आणि कमरेच्या झोळ्या हळूहळू फुगत होत्या. बस पुढे गेली. माझ्या मांडीवर वही होती. कोरीच.

कॉलेज हा शब्द आमच्या घरात माझ्याबरोबर आला. आई अजूनही तो उच्चारायच्या आधी किंचित थांबते, दाराची चौकट ठेंगणी असल्यासारखी. नर्सिंगचा डिप्लोमा केला, तीन वर्षं गावोगाव फिरून नोकरी केली, आणि आता पुढच्या पदवीसाठी पुन्हा वर्गात बसले आहे. आमच्या मॅडमनी बोलावून सांगितलं, "घरी जाऊन रुग्ण पाहण्याच्या कामावर पाच नवीन मुली येणार आहेत. त्यांचे पहिले दोन दिवस तू घे. काय सांगणार ते लिहून आण. पहिल्या पानावर उद्दिष्टं." मी हो म्हटलं. मला मोठ्या माणसांसमोर नाही म्हणायला जमत नाही.

उद्दिष्टं मला पाठ आहेत. परीक्षेत त्यांचेच मार्क मिळतात. पण वही उघडली की मला दुसरंच आठवायचं: एक मातीची खोली, तिच्यात आढ्यापर्यंत भरलेला कापूस, आणि एक रविवार. त्या रविवारी माझ्याकडून चूक झाली होती. ती नव्या मुलींना सांगायची की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. आमच्यासारख्यांना इथवर यायला फार वेळ लागला आहे. 'हिला येत नाही' हे ऐकायची भीती आमच्या हाडात असते. मॅडमना कळलं तर? मुलींनी ऐकून मनात काही धरलं तर? असा विचार करत मी तीन वेळा पहिलं पान फाडलं.

*

मी नवीन होते तेव्हा मला उईके सिस्टरच्या हाताखाली दिलं होतं. सिस्टर पन्नाशी ओलांडलेल्या. घरी गोंडी बोलायच्या, आमच्याशी मराठी, आणि आजारी माणसाशी तो जी बोलेल ती भाषा. खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चप्पल. आम्ही वर्गातून मोठे मोठे शब्द घेऊन आलो होतो. सिस्टरनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पॅलिएटिव्ह म्हणजे काय, सांग बरं तुझ्या आईला कळेल असं."

मी पुस्तकातली व्याख्या म्हणायला लागले. मग त्यांनीच सांगितलं, "माणूस आता बरा होत नाही म्हणून त्याला दुखू द्यायचं काय? नाही ना? मग झालं. तेवढंच आपलं काम."

त्यांचा पहिला धडा पाण्याचा होता. घरात गेलं की बसायचं आणि पाणी मागायचं. बॅग उघडायची नाही, नाडी धरायची नाही, कागद काढायचा नाही. आधी पाणी. मला ते थोडं विचित्र वाटलं होतं. "तहान नसली तर?" असंही मी विचारलं. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्या घरात जखमेचा वास येतो ना, त्या घरी लोक यायचं बंद करतात. आलेच तर दारातून बोलतात. काही घरं अशी आहेत, की तिथं वास नव्हता तेव्हाही कोणी पाणी प्यालं नाही. तू पी. मग बाई तुला दुखणं सांगेल."

समुद्रपूरच्या पुढे बसनं जायचो आम्ही. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. वेचणीच्या दिवसांत ते गाव सकाळी आठलाच रिकामं व्हायचं. दारांना कड्या, अंगणात कोंबड्या, आणि कुठल्या तरी घरात एकटं पडलेलं आजारी माणूस. कोणत्याही खेड्यात आजारी माणसाला सगळ्यात जास्त एकटेपण याच दिवसांत येतं, हे मला पुस्तकात कुठे सापडलं नाही. पीक घरात येत असतं आणि माणसं घराबाहेर असतात. फक्त शाळा तेवढी चालू असायची. कडुनिंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला होता. त्यावर लोखंडी कांब मारली की आवाज पार शिवारापर्यंत जायचा. सिंदीला रूळ बदलले तेव्हा कोणीतरी तो तुकडा बैलगाडीतून आणला, असं सांगायचे.

शेवंताबाईंचं घर शाळेच्या मागच्या ओळीत होतं. त्यांना छातीचा कॅन्सर होता. गाठ फुटून जखम झाली होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून आता घरीच ठेवा म्हटलं होतं, आणि दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. दोन एकरांचा कापूस त्यांच्याच खोलीत साठवलेला. खाट त्या ढिगाला टेकून. खोलीत उबट, कोंदट, सरकीचा वास, आणि त्याच्या खाली दुसरा वास. घरात एवढा कापूस, पण त्या जखमेवर ठेवायला त्यातला एक बोळाही चालत नव्हता. निर्जंतुक गॉजच्या पट्ट्या आम्ही वर्ध्याहून न्यायचो.

पहिल्यांदा गेले तेव्हा शेवंताबाई पडल्या पडल्या ढिगातला किडका, पिवळा कापूस निवडून वेगळा काढत होत्या. बोटं एवढी भराभर चालायची, की मी पाहतच राहिले. गावात त्यांच्याइतकं कोणी वेचत नसे, असं मागून कळलं.

"मावशी, पाणी देता का?" मी म्हटलं.

त्यांची बोटं थांबली. "पेतेस का तं?"

"हो."

"आमच्या घरचं?"

"हो, मावशी."

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. नवरा पंचवीस-तीस वर्षं गावचा कोतवाल होता. तलाठ्याचे निरोप पोचवणं, दवंडी देणं, साहेब आले की पुढे धावणं, हे त्याचं काम. आता गुडघे गेले म्हणून तो वेचणीला जात नव्हता. मुलगा-सून पहाटे शेतात गेले की बायकोजवळ तोच असायचा. त्यानं माठातलं पाणी फुलपात्रात आणलं. दोन्ही हातांनी दिलं. मी प्याले. शेवंताबाई माझ्या गळ्याकडे बघत होत्या, घोट खरंच उतरतो का ते.

मग म्हणाल्या, "हात रिकामे राह्यले का दुखनं हातात येते. म्हून निवडत असतो."

*

गोळ्या घरात होत्या, पण कशा द्यायच्या ते बसलं नव्हतं. शेवंताबाई ओरडल्या की कोतवालबाबा एक गोळी द्यायचे. म्हणजे दुखणं पुढे आणि गोळी मागे. ही गोळी दर चार तासांनी द्यावी लागते, दुखायच्या आधीच. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दोन, म्हणजे रात्र झोपेत निघते. हे त्यांना समजावून सांगायचं काम सिस्टरनी माझ्यावर सोपवलं. त्या स्वतः गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या. माझं हे एकटीचं पहिलंच काम. तो शनिवार होता, दुपार कलली होती.

घड्याळ वाचता येणारं दिवसा घरात कोणी नव्हतं. सिस्टरनी शिकवलं होतं, की अशा घरी त्यांच्या घरातली, गावातली वेळ शोधायची. मी विचारत गेले आणि वेळा सापडत गेल्या. पहाटे डेअरीचा पोरगा सायकलवर दुधाचे डबे वाजवत जातो, ते सहा. संध्याकाळी बुद्धविहारातली वंदना भोंग्यावर लागते, ते सहा. सून टीव्हीवर जी मालिका पाहते ती संपली की दहा. आणि मधल्या दोन वेळा? सकाळी शाळा भरल्याची घंटा दहाला. मधली सुट्टी संपल्याची घंटा दोनला.

तेव्हा मला किती आनंद झाला होता, ते आता सांगायला लाज वाटते. मी जुन्या कॅलेंडरचं एक पान मागून घेतलं. त्याच्या कोऱ्या पाठीवर स्केचपेननं चित्रं काढली. दुधाचा डबा, घंटा, घंटा, भोंगा, टीव्ही. प्रत्येकाखाली गोळीएवढा गोल, शेवटी दोन गोल. पान भिंतीला चिकटवलं. मागे छापलेले सगळे रविवार, लाल अक्षरातले, भिंतीकडे तोंड करून गेले.

"आपल्याले हुकूम सांगा फक्त," कोतवालबाबा म्हणाले. "तलाठी साहेबानं जे सांगतलं तेच म्या गावाले सांगतलं जिंदगीभर. एक अक्षर इकडचं तिकडं नाई."

मी सांगितलं, "घंटा झाली की द्यायची. घंटेच्या आधी नाही द्यायची, बाबा. जिवाला धोका असतो."

असा धोका मी शिकलेल्या धड्यात नव्हता. उलट, दोन वेळांच्या मध्येच दुखणं उसळलं तर एक जास्तीची गोळी द्यायची, असं आम्हाला स्पष्ट शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण त्या खोलीत, त्या म्हाताऱ्या माणसासमोर, मॉर्फिन या शब्दाची मला भीती वाटली. माझ्या सांगण्यावरून काही झालं तर? म्हणून जास्तीच्या गोळीचं मी बोललेच नाही.

बसथांब्यावर सिस्टर भेटल्या. "झालं?" "झालं." तेवढ्यात बस आली, दारात लोंबकळून चढलो, आणि कोण काय बोलणार?

माझं सगळं लहानपण शाळेच्या घंटेवर गेलं. घंटा वाजली की मी आईच्या हातातून सुटायचे. घंटा वाजली की मी गरीब नसायचे, तिसरीतली पहिल्या नंबरची मुलगी असायचे. जगात दुसरं काही चुकेल, पण घंटा चुकणार नाही, असं मला वाटत असावं. नाही तर शाळेत बारा वर्षं काढलेल्या मुलीला उद्या रविवार आहे हे कसं आठवलं नाही?

*

सोमवारी अकराच्या सुमारास आम्ही दोघी पोचलो. दहाची गोळी होऊन तास झाला होता. शेवंताबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. निवडलेल्या कापसाचा ढीग जिथल्या तिथं, शनिवारी होता तेवढाच.

कोतवालबाबा दारातच उभे राहून सांगू लागले. कोणी विचारायच्या आधीच.

"काल लय तरास झाला तिले. सकायी दुधाच्या डब्ब्यावर गोळी देली म्या. मंग घंटेची वाट पाह्यली. इथंच बसून होतो, या उंबऱ्यावर. घंटा वाजली असन बाप्पा, मलेच आयकू आली नसन. दुपारची बी नाई आली आयकू. कान गेले माहे."

"मग संध्याकाळी?" सिस्टरनी विचारलं.

"वंदना लागली तवा देली. ते मांगत होती मधात. म्या म्हनलं, नाई, बाईनं सांगतलं हाये."

सिस्टर आत जाऊन बसल्या. पाणी मागितलं, प्याल्या, मला हात धुवायला लावले. आम्ही ड्रेसिंगसाठी शेवंताबाईंना कुशीवर वळवलं, तेव्हा उशीखाली कापसाचा एक बोळा निघाला. चावून चावून घट्ट झालेला, ओला. मी तो हातात धरून सिस्टरकडे पाहिलं.

"दातात धरला होता," शेवंताबाई भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाल्या. "बुढा दारात बसला होता ना. त्याले आवाज गेला असता तं त्यानं का केलं असतं? हुकमाचा मानूस."

ड्रेसिंग सिस्टरनी एकट्यानंच केलं. सिस्टर मला शाळेच्या कडुनिंबाखाली घेऊन गेल्या. वर्गात पाढे चालू होते.

"काल कोणता वार होता, रेखा?"

मी तोंड उघडलं आणि मला कळलं.

"मध्येच दुखलं तर काय द्यायचं, ते सांगितलं होतं?"

"नाही."

"काऊन?"

"भीती वाटली, सिस्टर."

"कोणाच्या जिवाची? तिच्या, का तुझ्या?"

मी रडायला लागले. सिस्टरनी मला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही. मी पदरानं तोंड पुसेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाल्या, "आता आत जा. चूक माझी झाली, असं तिला सांग. म्हाताऱ्याच्या कानावर खापर फोडून जायचं नाही इथून."

आम्हाला वर्गात जखम धुवायला शिकवलं होतं, चादर बदलायला शिकवलं होतं. माफी कशी मागायची ते शिकवलं नव्हतं. मी खाटेजवळ जमिनीवर बसले आणि म्हटलं, "मावशी, काल रविवार होता. शाळेला सुट्टी असते हे माझ्या लक्षात राहिलं नाही. आणि मधे दुखलं तर जास्तीची गोळी देता येते, ते मी सांगितलंच नाही. चूक माझी आहे."

त्यांनी खाटेची कड धरली. मग वळल्या.

"तुह्या शाळेले रविवारी सुट्टी. माह्या दुखन्याले कोन सुट्टी देली होती वं?"

मी मान खाली घातली.

"कितवी शिकली तू?"

"बारावी. मग नर्सिंगची तीन वर्षं."

"लयच शिकली मंग," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. "जाय, पुस तोंड. अन् तो बोया फेकून दे पह्यले. मुठीत कायले धरून राह्यली?"

मी अजून तो बोळा धरूनच बसले होते.

बाहेर सिस्टरनी कोतवालबाबांना जास्तीच्या गोळीचं दोनदा समजावलं, त्यांच्याकडून वदवून घेतलं. भिंतीवरच्या चित्रात मी एक उभं बोट काढलं: मधे दुखलं तर एक. सिस्टर चित्राकडे पाहत होत्या. "अन् शनिवारी?" त्यांनी विचारलं. शनिवारी सकाळची शाळा. घंटा सातला.  शनिवार-रविवारचं काहीतरी बघू, मुलाला एक दिवस घरी राहायला सांगू, असं ठरवून आम्ही निघालो.

*

पुढच्या रविवारी मला सुट्टी होती. मी घरी न जाता समुद्रपूरची बस धरली. मला वाटलं होतं, दहा आणि दोनच्या गोळीला मी स्वतःच तिथं असावं. गावात शिरले तेव्हा सगळं सामसूम. शाळेतली पोरंसुद्धा रविवारी वेचणीलाच जायची. मी शाळेच्या कुंपणाजवळ आले आणि घंटा वाजली.

रुळाच्या तुकड्यावर कांब मारणारे कोतवालबाबा होते. डोक्याला फेटा, जुना खाकी कोट. तीन टोले दिले, कांब नीट फांदीला अडकवली आणि लंगडत लंगडत घराकडे निघाले. तेवढ्यात एक चिमुरडी दप्तर फरफटत धावत आली.

"शाळा भरली का वं?" तिनं मलाच विचारलं.

"नाई भरली, पोरी," कोतवालबाबा म्हणाले. "ही तुही घंटा नोहे. जाय, खेळ."

समोरच्या ओट्यावर एक म्हातारी तूर पाखडत होती. ती ओरडली, "कोतवाल रिटायर झाला अन् मास्तर झाला व माय! आता बुढीले बाराखडी शिकवन!"

"शिकवन नाई तं का! तू बी येजो," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर चालू लागले. त्यांनी गुरुजींची परवानगी घेतली होती. शनिवार-रविवारी, सणासुदीला, दहाची आणि दोनची घंटा ते मारणार. वेळ कशी कळते, असं मी विचारलं. त्यांनी शाळेच्या पायरीकडे बोट केलं. पायरीवर चुन्याच्या दोन रेघा होत्या. आठवडाभर रोज घंटेच्या वेळी येऊन खांबाची सावली कुठे पडते ते त्यांनी पाहिलं होतं आणि तिथं खूण केली होती.

मी जरा विचारात पडले. "पण बाबा, सावलीवरून वेळ कळते, तर सरळ घरी जाऊन गोळी द्यायची. घंटा काऊन वाजवता?"

ते थांबले. मला एवढंही कळू नये, याचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं.

"तिले आयकू याले पाह्यजे ना," ते म्हणाले. "ते खाटीवर पडून वाट पाह्यते. घंटा आयकली का तिले मालूम होते, निंगाला आता, येऊन राह्यला. म्या घरात पाय टाकूलोक ते उठून बसली राह्यते."

घरात गेलो, तर शेवंताबाई खरंच कोपरावर रेटून उठून बसल्या होत्या. हात पुढे केलेला, पालथा नाही, उताणा. कोतवालबाबांनी माठातून पाणी घेतलं, एक गोळी त्या हातावर ठेवली, आणि फुलपात्र स्वतःच्या हातानं ओठाला लावलं. मी दारात उभी राहिले. आत जावं असं मला वाटलं नाही. माझं तिथं काही काम नव्हतं.

मी नंतर पुष्कळ वाचलं. औषध नियमित वेळेवर का द्यावं, याची कारणं आता मला व्यवस्थित लिहिता येतात. रक्तातली मात्रा टिकून राहते वगैरे. ते खरंच आहे. पण दुखणाऱ्या माणसाला वेळेवर औषध हवं असतं तसंच आणखी काही हवं असतं, आणि ते त्या म्हाताऱ्याला माहीत होतं. कोणीतरी निघालं आहे, हे ऐकू यायला हवं असतं.

*

त्या वर्षी कापूस उशिरापर्यंत चालला. संक्रांतीनंतर त्यांच्या खोलीतला ढीग गाडीत भरून गेला. खोली एकदम मोठी झाली. शेवंताबाई हळू बोलल्या तरी भिंतीवरून आवाज यायचा. "रिकामं झालं व घर," त्या म्हणाल्या होत्या. निवडायला काही उरलं नव्हतं. मग सून शेतातून येताना ओच्यात मूठभर कापूस आणायची आणि त्यांच्या उशाशी ठेवायची. शेवटी शेवटी बोटं त्यावर नुसती पडून असायची.

गिळता येईना तेव्हा डॉक्टरांना विचारून आम्ही औषध बदललं. दुखणं शेवटपर्यंत आटोक्यात राहिलं. हे मी अभिमानानं लिहीत नाही, फक्त लिहून ठेवते आहे, कारण ते वाचताना वाटतं तेवढं सोपं नव्हतं. एका बुधवारी सकाळी त्या गेल्या. उन्हं नुकतीच अंगणात आली होती. सून रडत होती, बाया जमत होत्या. सकाळच्या बसनं येऊन मी आणि सिस्टर त्यांचं अंग पुसून घेत होतो. तेवढ्यात शाळेची दहाची घंटा झाली. बाहेर बसलेले कोतवालबाबा उठले, माठापाशी गेले, फुलपात्र भरलं. भरलेलं पात्र हातात घेऊन ते तिथंच उभे राहिले. कुठं जायचं ते त्यांना कळेना. सिस्टर उठल्या, त्यांच्या हातातून पात्र घेतलं आणि उभ्या उभ्या ते पाणी प्याल्या.

*

गेल्या गुरुवारी मी पाचही मुलींना घेऊन त्याच गावी गेले. वहीचं पहिलं पान अजून कोरंच होतं. मॅडमना मी सांगितलं होतं, की आधी गाव दाखवते, मग लिहिते. खरं म्हणजे मी टाळत होते. उईके सिस्टर निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्या आहेत. त्या असत्या तर त्यांना विचारलं असतं.

बस फुटलेल्या बोंडांच्या मधून गेली. मुली खिडकीतून बघत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या. प्रणाली नावाची एक आहे, सगळ्यात गप्प. तिची आई वेचणीला जाते, ती म्हणाली. घरात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. ती प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेते, मी चहा कुठेतरी पिऊ या म्हटलं तर तेही लिहील की काय अशी भीती वाटते.

कोतवालबाबा आता फार थकले आहेत. ओट्यावर गोधडी पांघरून बसले होते. मला पाहून म्हणाले, "रेखाबाई का वं? लय दिसानं." शेवंताबाईंच्या दुखण्याबद्दल मी मुलींना बसमध्ये थोडं सांगितलं होतं; आता त्यांची ओळख करून दिली. त्या ओळीनं बसल्या. प्रणालीनं विचारलं, "बाबा, आजीचं औषध वेळेवर कसं द्यायचे तुम्ही? घड्याळ होतं?"

त्यांनी डबे, घंटा, भोंगा, सगळं क्रमानं सांगितलं. दवंडीच्या आवाजात, एक अक्षर न गाळता. मग थांबले आणि म्हणाले, "एक डाव मातर चुकलं. घंटा वाजली, पन मले आयकू आली नाई. कान गेल्ते माहे. बाईनं बराबर सांगतलं होतं. चूक माही होती."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मुली लिहून घेत होत्या. मी काहीच बोलले नसते तर ते तसंच राहिलं असतं. वहीत, पाच मुलींच्या हस्ताक्षरात.

"नाही, बाबा," मी म्हटलं.  "रविवार होता. घंटा वाजलीच नव्हती." मग मुलींकडे वळून मी सगळं सांगितलं. कॅलेंडरचं पान, घंटेआधी द्यायची नाही हा माझा हुकूम, आणि मला माहीत असूनही मी भीतीमुळे न सांगितलेली ती जास्तीची गोळी. उशीखालचा बोळाही सांगितला. पेनं थांबली होती. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, एकटी प्रणाली सोडून.

कोतवालबाबांनी गोधडी सारखी केली. "मले मालूम हाये, रविवार होता म्हून," ते हळूच म्हणाले. "सुनेनं त्याच संध्याकायी सांगतलं होतं. तिले बी, मले बी."

म्हणजे त्या सोमवारी दारात उभं राहून, आम्ही विचारायच्या आधीच, त्यांनी कान गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

"मग तुम्ही कानाचं काऊन सांगितलं, बाबा?"

"तू नवीन होती," ते म्हणाले. "तुही नवकरी गेली असती तं तिच्या घरी पानी प्याले कोन आलं असतं?"

  ओट्यासमोर ऊन पडलं होतं आणि कुठूनसा उडालेला कापसाचा एक तंतू त्यात तरंगत होता.

मग शाळेची घंटा झाली. रुळावरची तीच, तीन टोल्यांची. कोतवालबाबा भिंतीला धरून उठले आणि आत गेले. माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. ते फुलपात्र भरून घेऊन आले, दोन्ही हातांनी धरून, थोडं सांडत, आणि ओळीनं बसलेल्या मुलींसमोर उभे राहिले.

मुलींनी माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नाही. प्रणालीनं वही मिटून खाली ठेवली आणि हात पुढे केला.